एका श्वासाची स्कूटर: फ्रीडायव्हिंगसाठी अंडरवॉटर स्कूटर कशी बदलावी

अंडरवॉटर स्कूटर म्हणजे दोन्ही हातांत धरायचं, पंख्याच्या जोरावर पाण्याखाली माणसाला ओढून नेणारं यंत्र. पाना-पक्कड हातात घ्यायच्या आधी तिला तीन प्रश्न विचारा. पाण्याखाली हातातून सुटली तर ती कुठं जाणार? बटण अडकून बसलं तर थांबणार का? आणि ऐन खोलात बंद पडली तर तिच्याशिवाय तुम्ही वर येणार का? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत कॅमेऱ्याचा स्टँड, टॉर्च, रंगरंगोटी यातल्या कशालाही हात लावू नका.

माझं लातूरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बोअरच्या मोटारी, मोनोब्लॉक, विहिरीतले पाणबुडी पंप हेच रोजचं काम. भाचा अंदमानला जाऊन फ्रीडायव्हिंग शिकून आला. म्हणजे पाठीवर सिलिंडर नाही. एका श्वासावर खाली जायचं, त्याच श्वासावर वर यायचं. नंतर कुणाकडून तरी एक जुनी स्कूटर घेतली, माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाला, "मामा, हिला माझ्याजोगी करून दे." ज्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात पाण्याखालची स्कूटर! शेजारचा टायरवाला दोन दिवस येऊन बघून गेला, "ह्ये काय करूलालाव तुमी?" पण पाऊस बरा झाला की आमच्याकडं दहा-दहा परस विहिरी दिवाळीपर्यंत तुडुंब असतात, आणि गाळ बसला की हिवाळ्यात पाणी चांगलं निवळतं. चाचणीला तेवढं पुरतं.

पुढचं सगळं जुन्या धाटणीच्या स्कूटरबद्दल आहे: एक पंखा, दोन मुठी, आत १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी आणि कार्बन ब्रशची डीसी मोटार. हल्ली मिळते ती छोटी, दोन पंख्यांची, लिथियम बॅटरीची सीलबंद स्कूटर असेल तर ती उघडूच नका. तिला फक्त बाहेरून तोल, पट्टा आणि दोरी एवढंच करा.

सिलिंडरवाल्यासाठी बनवलेली स्कूटर एका श्वासावाल्याला तशीच्या तशी का चालत नाही, हे आधी समजून घ्या. सिलिंडरवाल्याला काही बिघडलं तर थांबून, श्वास घेत घेत निस्तरता येतं. इथं तशी सवड नाही. दुसरं म्हणजे, डोकं खाली करून उतरताना कानावरचा दाब सोडवायला सारखं नाक दाबावं लागतं, म्हणजे एक हात कायम मोकळा हवा. आणि या स्कूटरी तर दोन्ही मुठींची बटणं दाबल्याशिवाय चालतच नाहीत. कंपनीनं ते सुरक्षेसाठीच केलेलं असतं. म्हणून ते काढायचं तर त्या जागी तितकीच खात्रीची दुसरी सोय बसवावी लागते. सगळ्या कामाचं मर्म इथंच आहे, त्याकडं पुढं येतो.

आधी सील

पंखा काढा, शाफ्ट बाहेर घ्या, रॉकेलच्या फडक्यानं पुसा. जिथं ऑइल सीलचा ओठ टेकतो तिथून अंगठ्याचं नख शाफ्टच्या लांबीच्या दिशेनं हळू ओढा. नख अडखळलं की समजायचं, सीलनं शाफ्टला खाच पाडलीय. डोळ्याला ती फक्त एक चकचकीत रेघ दिसते, नखाला बरोबर कळते. अशा शाफ्टवर नवं सील घालणं म्हणजे पैसे पाण्यात. एक तर मागं दोन मिलिमीटरचा वॉशर टाकून सीलची जागा सरकवा, नाहीतर लेथवाल्याकडून स्टेनलेसची पातळ बुश चढवून घ्या.

बेअरिंगच्या दुकानात मिळणारं साधं टीसी सील तेल अडवण्यासाठी असतं. त्याची दाब झेलायची ताकद साधारण ०.३ ते ०.५ बार. पाण्यात दर १० मीटरला १ बार वाढतो. म्हणजे पाच मीटरच्या खाली ते सील स्वतःच्या हद्दीबाहेर गेलं. हायड्रॉलिक सामानाच्या दुकानात जाऊन प्रेशरचं सील मागा. त्याचा ओठ आखूड आणि ताठ असतो. बसवताना ओठाची उघडी बाजू, म्हणजे स्प्रिंग दिसते ती, पाण्याकडं. पाण्याचा दाब ओठाला शाफ्टवर दाबून धरतो, उलटं बसवलं तर तोच दाब ओठ उचलतो. जागा असेल तर दोन सीलं घालून मधल्या पोकळीत पाण्यानं न धुपणारं ग्रीस भरा.

मोटारच जळालेली असेल तर वेगळा विचार करा. आमच्या बोअरच्या बऱ्याच मोटारींत मुळात पाणीच भरलेलं असतं, कारण वाइंडिंगची तार प्लॅस्टिकच्या वेष्टनाची असते. पाण्याला अडवायचं नाही, आत घेऊनच काम करायचं. पाण्याखालच्या रोबोटला लावतात त्या ब्रशलेस मोटारीतही हेच आहे. वाइंडिंगवर इपॉक्सी, पाणी आरपार, शाफ्टला सीलच नाही, त्यामुळं त्या मोटारीला खोलीची फारशी फिकीर नसते. ब्लू रोबोटिक्सचा टी-२०० हा त्यातला नावाजलेला. १२ व्होल्टवर साधारण १७ अँपिअर घेऊन पावणेचार किलोच्या आसपास ओढ देतो. पण त्याला वेगळा कंट्रोलर लागतो आणि बाहेरून मागवायचं म्हटलं की खर्च वाढतो. जुनी मोटार चांगली असेल तर मी तिकडं जाणार नाही.

कवचाची ओ-रिंग नवी टाका. नायट्रिलची असेल तर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, नुसती चमक येईल एवढंच. ग्रीस सील करत नाही, रबर करतं. थापून लावलं तर त्यात माती आणि केस चिकटतात. एक केस आडवा पडला तरी पाणी आत येतं. ओ-रिंग स्वतःच सिलिकॉनची असेल तर मात्र सिलिकॉन ग्रीस नको, ती फुगते.

मग फ्रीजवाल्याकडून व्हॅक्यूम पंप आणि गेज आणा. कवचाला एक छोटा प्लगस्क्रू असतो किंवा करून घेता येतो. तिथून अर्धा बार ओढा, कॉक बंद करा आणि अर्धा तास सुई बघा. सावलीत करा, कारण उन्हानं आतली हवा तापली तरी सुई सरकते आणि नसलेली गळती शोधत बसावं लागतं. सुई हलली नाही म्हणजे झालं असं समजू नका. ही पाच मीटरचीच परीक्षा आहे, खरी पुढं विहिरीत.

बॅटरी

लेड-ॲसिड जास्त चार्ज झाली की हायड्रोजन सोडते. बंद कवच, आत हायड्रोजन आणि शेजारी ब्रशच्या ठिणग्या. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो. म्हणून जुनी बॅटरी ठेवणार असाल तर कवच बंद असताना कधीही चार्ज करू नका, आणि चार्जिंगनंतरही काही वेळ उघडं ठेवा.

मी लिथियम फॉस्फेट टाकली. एक सेल ३.२ व्होल्ट, चार एका ओळीत म्हणजे १२.८. जुन्या मोटारीला फरक कळत नाही. सहा अँपिअर-अवरचे जाडे सेल प्रत्येकी दीडशे ग्रॅमच्या आत-बाहेर असतात. आठ सेलांत १२ अँपिअर-अवर मिळाले आणि वजन सव्वा किलोच्या आसपास राहिलं. बीएमएस, म्हणजे बॅटरीला जपणारं आणि गरज पडली की तोडणारं सर्किट, मोटारीच्या करंटच्या दुप्पट घ्या, कारण सुरू होताना मोटार झटका मारते. चार्जर १४.६ व्होल्टचाच, जुना लेड-ॲसिडचा ठेवून द्या. बॅटरीच्या प्लसपासून चार बोटांच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज. तो पुढं कुठंतरी सोयीच्या जागी बसवला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

या बॅटरीत एक खोड आहे आणि ती एका श्वासावाल्याला ठाऊक असायलाच हवी. लेड-ॲसिड उतरत आली की मोटार मंदावते, आवाज जड होतो, माणूस सावध होतो. लिथियम फॉस्फेट शेवटपर्यंत ठणठणीत चालते आणि मग बीएमएस एका क्षणात तोडते. इशारा नाही. त्यावर दोन उपाय करा. आत कमी व्होल्टेजचा बझर बसवा आणि तो १२.४ व्होल्टला लावा. पाण्यात आवाज छान पोचतो. आणि बझर कधी वाजतोय याची वाट न बघता अर्धी बॅटरी वापरली की त्या दिवसाचं काम थांबवायचं, असं ठरवून टाका.

स्विच: इथं घाई नको

एका हातानं चालवायची म्हणजे दोनपैकी एक बटण बाद करायचं. बाद करणं सोपं आहे, एक जम्पर टाकला की झालं. पण मग उरलेलं बटण अडकलं तर मोटार चालूच राहते आणि तुम्ही तिच्यामागं.

बहुतेक मुठींत चुंबक असतो आणि कवचाच्या आत रीड स्विच, म्हणजे काचेच्या नळीतल्या दोन पत्त्या. चुंबक जवळ आला की पत्त्या चिकटतात. रीड स्विच हा इशाऱ्यापुरता. त्याची ताकद अर्ध्या-एक अँपिअरची. काही स्वस्तातले लोक त्याच्यातूनच मोठा करंट नेतात. मग पत्त्या वेल्ड होतात, आणि चुंबक दूर नेला तरी मोटार थांबत नाही. म्हणून मोठा करंट मॉस्फेटमधून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचमधून न्यायचा आणि रीडनं फक्त त्याचा गेट, म्हणजे इशाऱ्याचा पाय, उघडायचा. गेटपासून मायनसला १० किलोओहमचा रेझिस्टर टाका, म्हणजे रीडची वायर तुटली तरी गेट खाली येतो आणि मोटार थांबते. मोटारीला उलटा डायोड हवाच, नाहीतर बंद करतानाचा झटका मॉस्फेटच मारतो.

एवढ्यावर भागलं असतं, पण मॉस्फेट मेला की बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो. म्हणजे मोटार फुल चालू, बटण सोडलं तरी. पंपाच्या स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर चिकटला तर मेन स्विच असतो. पाण्याखाली मेन स्विच म्हणजे दुसरी, अगदी स्वतंत्र तोडणी.

तिच्यासाठी गाडीचा ४० अँपिअरचा साधा रिले घेतला. कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडं मिळतो. ३० नंबरला बॅटरीचा प्लस फ्यूजमधून, ८७ वरून पुढं वेगाच्या सर्किटला आणि मोटारीला. ८५ आणि ८६ ही कॉइल. ती चालते दुसऱ्या रीड स्विचवर, आणि तिलाही एक छोटा डायोड. तो रीड कवचाच्या आतल्या अंगाला चिकटवा. बाहेरून त्याच जागी एक नायलॉनची चकती, तिच्यात १५ मिलिमीटरचा निओडिमियम चुंबक. चकती जागेवर धरायला आतून एक लोखंडी वॉशर, रीडपासून जरा बाजूला. चकतीला दोरी, दोरी मनगटाला. ट्रेडमिलची लाल चावी बघितली असेल, तेच. हात सुटला की दोरी ताणते, चकती निघते, रिले पडतो, मोटार बंद. मॉस्फेट जिवंत असो वा मेलेला.

चुंबक किती अंतरावरून रीडला पकडतो हे कवच बंद करायच्या आधी मल्टिमीटरच्या बझरवर तपासा. कवच चार-पाच मिलिमीटर जाड असतं. पकड दहाच्या पुढं जात असेल तर चकती थोडी सरकूनही रिले सोडणार नाही. चुंबक लहान घ्या. मग हौदात स्कूटर चालू ठेवून मॉस्फेटच्या ड्रेन-सोर्सला, म्हणजे मोठा करंट जातो त्या दोन पायांना, मुद्दाम जम्पर लावा, म्हणजे तो शॉर्ट झाल्याचं सोंग, आणि चकती ओढा. थांबली पाहिजे. ही परीक्षा केल्याशिवाय मी स्कूटर दुकानाबाहेर जाऊ दिली नाही.

वेग कमीच

पोरांना इथंच राग येतो. स्कूटर घेतली ती जोरात पळायला आणि मामा तिचे पाय बांधतो. पण एका श्वासावर उतरणारा माणूस साधारण सेकंदाला एक मीटरनं जातो आणि त्याच्या कानांना तेवढंच झेपतं. पाण्याच्या पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो, पुढच्या १० मीटरला दीडपटच. म्हणजे वरचे दहा मीटर कानाला सगळ्यात अवघड, आणि नेमकं तिथंच ताज्या दमाची स्कूटर जोरात ओढते. कानाचा पडदा फाटला आणि थंड पाणी आत गेलं की डोकं गरगरतं, वर कुठं आणि खाली कुठं कळत नाही.

मोटारीचा करंट झपाझप चालू-बंद करून वेग कमी करणारं सर्किट म्हणजे पीडब्ल्यूएम. त्याचा वेग कवचाच्या आतच ठरवून ठेवा. बाहेर बटण काढायचं म्हणजे आणखी एक भोक आणि आणखी एक सील. वेग ताशी पाच किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १.४ मीटर असेल, तो १ वर आणला तर लागणारी ताकद वेगाच्या घनानं उतरते आणि जवळजवळ छत्तीस टक्क्यांवर येते. बॅटरी अडीचपट पुरते, हा वरचा फायदा. पीडब्ल्यूएमचं मोड्यूल घेताना छापलेल्या अँपिअरवर जाऊ नका. मी मागवलेल्यावर ६० लिहिलेलं होतं आणि १५ ला बोट ठेववत नव्हतं. हीटसिंक मोठा लावा, किंवा कवचाच्या धातूच्या भागाला टेकवा. बाहेर पाणीच आहे गार करायला.

तोल

आता पहिला प्रश्न, सुटली तर कुठं जाणार. बुडाली तर पोरगं तिच्यामागं जाणार, हे मी गृहीतच धरतो, कारण माणसाचा स्वभाव तसा आहे. म्हणून ती तरंगली पाहिजे, पण हलकेच. खूप तरंगणारी स्कूटर खाली न्यायला जोर लागतो आणि तो श्वासातून जातो. मी १५० ते २०० ग्रॅम वरचढ ठेवतो.

समुद्रात जमवलेला तोल विहिरीत चालत नाही. खारं पाणी लिटरमागं साधारण २५ ग्रॅमनं जड. आठ लिटर जागा व्यापणारी स्कूटर समुद्रात अधांतरी राहत असेल, तर विहिरीत ती २०० ग्रॅमनं बुडते. अंदमानात तरंगणारी आमच्याकडं तळाला जाते ती अशी. दोन्हीकडं न्यायची असेल तर गोड्या पाण्याला तोल लावा आणि समुद्रासाठी तेवढ्या वजनाची स्टेनलेसची पट्टी वेगळी ठेवा. पट्टी थोडी जास्तच घ्या, कारण पोलाद पाण्यात आपलं आठवा हिस्सा वजन हरवतं.

दोनशे लिटरच्या ड्रममध्ये स्कूटर सोडा. बॅटरी हलकी केलेली असल्यानं ती आता जास्तच तरंगेल आणि बहुतेक नाक वर करेल. जुन्या बॅटरीच्या जागी, अगदी तळाशी, स्टेनलेसचे नट-बोल्ट भरलेली पट्टी पक्की बसवा. वजन पुढं-मागं सरकवत आडवी राहीपर्यंत जमवा. किती तरंगते हे मोजायला वरून एकेक नट ठेवत जा. ज्या नटाला ती बुडू लागते, तिथपर्यंतच्या नटांचं वजन करा, आठवा हिस्सा वजा करा.

उलट प्रकार झाला, म्हणजे बुडत असेल, तर थर्मोकोल किंवा फोमचा पत्रा लावू नका. १० मीटरवर ते चेपतं आणि वर तरंगणारी स्कूटर खाली बुडायला लागते. ४० मिलिमीटरचा १० किलो प्रेशरचा पीव्हीसी पाइप फूटभर कापा, दोन्ही टोकांना कॅप सोल्युशननं चिकटवा. एक तुकडा सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम उचल देतो. पाइपावरचा आकडा आतल्या दाबाचा असतो, बाहेरून चेपण्याचा नव्हे. म्हणून तो तुकडाही दोरीला बांधून खोलात पाठवून बघायचा.

पट्टा

सारखं ओढून हात भरतो, म्हणून स्कूटरची ओढ कमरेच्या पट्ट्यावर घ्या आणि हातानं फक्त दिशा द्या. पट्टा एवढा लांब की कोपर किंचित वाकलेलं राहील आणि पंख्याचं पाणी पोटाखालून जाईल. कमरेला खुंटी ओढून सुटणारा हूक लावा, नेहमीचा क्लिपवाला बकल नको. ताणावर असताना तो सुटत नाही. हूक दहा किलोचं माप टांगून, हातमोजा घालून, डोळे मिटून सोडून बघा. आणि स्कूटर व पट्टा यांच्यामध्ये अडीच मिलिमीटर रुंदीचा केबल टाय घाला. तो साधारण आठ किलोला तुटतो. मोटारीची ओढ चार-पाच किलोची, तेवढ्याला टिकतो. कुठं अडकलात आणि जोर लावला तर तोच आधी जातो. ओढ मोजायला हौदाच्या कडीला तराजूचा काटा बांधा आणि स्कूटर चालवा.

पंख्याला जाळी अशी की बोट जाणार नाही. लोंबणारी एकही दोरी ठेवू नका.

विहीर

आधी स्कूटर एकटी जाणार, माणूस नाही. बॅटरी काढा, तिच्या वजनाचे नट भरा, आत कोरडा टिश्यू पेपर पसरा, खाली धोंडा बांधा आणि दोरीनं तळाला सोडा. तासभर. वर काढल्यावर आधी बाहेरून पुसा, मग उघडा, नाहीतर ओघळलेलं पाणी आतलं समजून डोकं धरून बसाल. टिश्यूवर एक जरी ओला ठिपका असला तरी परत सीलकडं. जेवढ्या खोलीवर तपासलंय तेवढीच तिची हद्द. पन्नास फुटांची विहीर म्हणजे १५ मीटर. तिथं पास झालेली स्कूटर समुद्रात २५ वर नेऊ नका.

माणूस उतरणार तेव्हा विहिरीवरच्या स्टार्टरचे फ्यूज काढा आणि खिशात ठेवा. स्विच पाडून भागत नाही. आमच्याकडं थ्री-फेज कधी दिवसा, कधी रात्री येते, म्हणून बहुतेकांनी ऑटो लावलेला असतो. लाइट आली की पंप आपोआप सुरू. केबलचं वेष्टन कुठं सोललंय हे पाण्याखाली कळायचं नाही.

उन्हाळ्यात पाणी खोल गेलेल्या विहिरीत उतरू नका. वरच्या पोकळीत जड, कुबट हवा साचते, आणि तीच हवा तुम्ही शेवटचा श्वास म्हणून भरून घेणार. आत डिझेल इंजिन चालत असेल किंवा चाललेलं असेल तर विचारच नको. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात कधीही नाही. पाणी स्वच्छ दिसतं, पण कागदावर शेवाळ धरतं आणि पट्टीचा पोहणाराही काठावर चढू शकत नाही. शेततळ्यात गेलेल्या माणसांच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतोच. मोठं पाणी हवं म्हणून नाथसागराकडं बघाल, तर ते पक्षी अभयारण्य आहे, शिवाय मच्छीमारांची जाळी. परवानगीशिवाय तिकडं मशीन नेऊ नये.

चालवणाऱ्यासाठी

हे मी नाही शिकवत, भाच्याच्या शिक्षकांनी त्याला शिकवलं आणि मी त्याच्याकडून वदवून घेतलं. शिकल्याशिवाय स्कूटर हातात नाही. एक खाली, एक वर, आणि वरचा नुसता काठावर बसलेला नाही. त्यालाही खाली जाऊन ओढून आणता आलं पाहिजे. वर आल्यावर निदान अर्धा मिनिट त्यानं नजर काढायची नाही, कारण माणूस हसत "ठीक आहे" म्हणतो आणि मग बेशुद्ध होतो. कारण साधं आहे: खाली दाबामुळं फुप्फुसातला थोडाही ऑक्सिजन रक्तात जातो, वर येताना दाब अर्धा होतो आणि तोच ऑक्सिजन अपुरा पडतो. उतरण्याआधी भसाभस श्वास घेऊ नका. त्यानं ऑक्सिजन वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी होतो आणि "वर चल" ही हाक उशिरा येते.

स्कूटरनं खोली वाढवायची नाही. जेवढं तुम्ही नुसत्या फिनवर, आरामात जाऊन येता, त्याच्या आतच राहायचं. कारण तिसरा प्रश्न: ती बंद पडली तर उरलेला सगळा रस्ता पायांनी. दर वेळी वर येताना मोटार बंद ठेवून, स्कूटर हातात धरून या. सवय झाली की बिघाड झाला तरी घाबरायला होत नाही.

आणखी एक धोका लोकांना माहीत नसतो. दमायला होत नाही म्हणून माणूस पुन्हा पुन्हा उतरतो. १९६५ मध्ये पॉलेव्ह नावाच्या डॉक्टरनं लिहून ठेवलंय की सरावाच्या टाकीत २० मीटरपर्यंत एकापाठोपाठ श्वास रोखून उतरल्यावर त्याला स्वतःला डीकम्प्रेशनचा त्रास झाला, जो सिलिंडरवाल्यांनाच होतो असा समज होता. म्हणून वर थांबायचं ते खाली घालवलेल्या वेळेच्या निदान दुप्पट. खोल असेल तर त्याहून बरंच जास्त.

नंतर

समुद्रातून आलात तर गोड्या पाण्यात बुडवून, पंखा चालवून धुवा. कवच उघडून सावलीत वाळवा, ओ-रिंग काढून वेगळी ठेवा, दाबून ठेवलेली रिंग चपटी होते. बॅटरी अर्ध्यावर ठेवून द्या, फुल नको. शाफ्टवर परत नख फिरवा.

विमानानं न्यायची असेल तर तिकीट काढतानाच विचारा. १२.८ व्होल्ट गुणिले १२ म्हणजे १५४ वॉट-अवर. १०० च्या पुढं आणि १६० पर्यंत विमान कंपनीची मंजुरी लागते, आणि सुटी बॅटरी केबिनमध्येच, टर्मिनलं झाकून. मी पॅकवर व्होल्ट, अँपिअर-अवर आणि वॉट-अवर तिन्ही ठळक लिहिलेलं लेबल चिकटवून दिलंय. काउंटरवरच्या माणसाला भाच्यानं तोंडी हिशोब सांगत बसायला नको.